शंभर पावलांवरचा भोंगा

"भोंगा चालू होता, मास्तर. मी विसरले नव्हते," ड्रायव्हरबाई म्हणाली आणि तिने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

मास्तर तिच्या ओठांकडे एकटक बघत होते. रुग्णवाहिकांचे भोंगे आणि दिवे सांभाळण्यात या वर्कशॉपमध्ये त्यांची एकतीस वर्षे गेली होती. सगळे त्यांना भोंगेमास्तर म्हणत. खरे नाव फक्त हजेरीपटावर उरले होते.

सकाळी घडले ते असे. कळा सुरू झालेल्या एका बाईला घेऊन ही नव्या गाडीतून निघाली होती. चौकात पाण्याचा टँकर आडवा आला आणि पार पुढ्यात येईपर्यंत त्याने वेग काही कमी केला नाही. हिने करकचून ब्रेक दाबला. दोन गाड्यांमध्ये वीतभर जागा उरली. पोटुशी सुखरूप पोचली, सोबतच्या सासूच्या कपाळाला मात्र टेंगूळ आले. टँकरवाला खाली उतरून हात जोडत होता, काचा बंद होत्या, गाणी लावली होती, भोंगा कानावर आलाच नाही म्हणत होता.

"खोटं बोलत नव्हता तो," बाई म्हणाली. "पण गाडीवर सही तुमची. मग म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार."

मास्तर उठले. पाना घेतला आणि गाडीखाली शिरले. पाच मिनिटांत उलगडा झाला. जुन्या गाड्यांवर भोंगा पुढे, उघड्यावर असे. या सहा नव्या गाड्यांचे तोंड देखणे दिसावे म्हणून बनवणाऱ्याने तो प्लास्टिकच्या पत्र्याआड, खाली तोंड करून बसवला होता. सगळा आवाज जमिनीत जात होता. वर्कशॉपच्या चार भिंतींत तो दणदणे, पण मोकळ्या रस्त्यावर शंभर पावलांत त्याचा जीव जाई.

आता तुम्ही विचाराल, मग मास्तरांनी सही केलीच कशी?

तपासणीची रीत साधी होती. एकाने गाडीत बसून बटण दाबायचे. मास्तरांनी फाटकाबाहेर, शंभर पावलांवर उभे राहायचे आणि भोंगा ऐकू आला की हात वर करायचा. पण बटण एकच. ते दाबले की भोंगाही वाजे आणि टपावरचा लाल दिवाही फिरे. गेली दोन वर्षे मास्तर दिवा बघून हात वर करत होते.

एकतीस वर्षे भोंग्यांना कान लावल्यावर कानांचे दुसरे काय होणार? साबणाची वडी झिजावी तसे ते झिजले. आधी पाखरे गेली, मग दारावरची घंटा, मग नातवाची कुजबुज. प्रार्थनेला बसले की मास्तर शेजाऱ्याचे ओठ बघून गात आणि टाळी एक ठोका मागे पडे. देव समजून घेत असेल, अशी त्यांची समजूत. घरातली सोडून हे कोणालाच ठाऊक नव्हते. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. तेवढे रेटू, असे त्यांनी आणि बायकोने ठरवले होते.

दुपारी मास्तर घरी आले. बायकोने चेहरा बघितला आणि हातातले काम ठेवून समोर येऊन बसली. हल्ली ती त्यांच्याशी बोलताना कधी पाठ करत नसे. मास्तरांनी सगळे सांगितले. नोकरी जाईल, क्वार्टर सोडावे लागेल, आणि लोक काय म्हणतील तेही सांगितले.

तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग म्हणाली, "दोन वर्षं मी रोज देवाला सांगतेय, यांचं निभावून ने म्हणून."

"आणि आता काय सांगशील?"

"आता मी कशाला? तुम्हीच सांगा. साहेबांना."

वर्कशॉपचे साहेब कागदांत मान घालून बोलायचे. मास्तर आजवर अशा वेळी नुसतेच "हो साहेब" म्हणत आले होते. आज ते टेबलाला टेकून उभे राहिले.

"साहेब, मान वर करून बोला. मला ऐकू येत नाही."

साहेब हसले. "मला तरी कुठं कुणाचं ऐकू येतं, मास्तर? म्हणून तर या खुर्चीवर टिकलोय."

"चेष्टा नाही, साहेब. दोन वर्षं झाली. सहाही नव्या गाड्या मी दिवा बघून पास केल्यात."

साहेबांचे हसू तसेच ओठांवर राहिले, मग हळूहळू उतरले. ते उठले, दार लावून आले. माणूस मनाने वाईट नव्हता. त्यांनी मास्तरांना बसवले, पाणी दिले आणि समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. चूक टँकरवाल्याची धरता येईल, गाणी लावून बसला होताच तो. गाड्या पुढच्या महिन्यात एकेक करून गुपचूप दुरुस्त करू. चौदा महिने हां हां म्हणता निघून जातील.

मास्तर त्यांचे ओठ शेवटपर्यंत वाचत राहिले.

"रस्त्यावरचा जो तो काचा लावून, गाणी लावूनच बसलेला असतो, साहेब," ते म्हणाले. "तो माझ्याएवढाच बहिरा. भोंगा त्याच्यासाठीच आहे. आणि महिनाभरात कितीजणी त्या चौकातून जातील."

"लेखी द्यावं लागेल, मास्तर."

"आणलंय." त्यांनी खिशातून घडी काढून टेबलावर ठेवली. "फक्त अंधार पडेपर्यंत पाना माझ्या हातात राहू द्या. दोन-दोन गाड्या आत घेतो. बाकीच्या चार रस्त्यावर राहतील, कुणाची अडचण होणार नाही."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. पट्ट्या कापल्या, भोके पाडली, एकेक भोंगा पुढे आणून तोंड सरळ रस्त्याकडे केले. बोटांची सालटी निघाली, तरी मदतीला आलेल्यांना त्यांनी फक्त टॉर्च धरू दिली. भोंगा बसला की वाजवून त्याच्या तोंडाशी तळवा धरत. थरथर कोपरापर्यंत आली की पुढची गाडी.

तपासणीची रीतही त्यांनी बदलली. शंभर पावलांवर एक मोटार उभी केली, काचा बंद, गाणी चालू. आत ड्रायव्हरबाई, भोंग्याकडे पाठ करून. आरसाही फिरवून ठेवला, दिवा दिसता कामा नये. बटण मास्तर स्वतः दाबत आणि मागच्या काचेतून तिचा हात वर होण्याची वाट बघत.

पाच वेळा हात वर झाला. सहाव्या गाडीला झाला नाही.

"झालं ना आता, जराशानं काय बिघडतंय," साहेब घड्याळ बघत म्हणाले. मास्तरांची नजर हातातल्या पान्यावर होती, त्यामुळे त्यांना ते समजलेच नाही. त्यांनी पत्रा पुन्हा उघडला. पट्टी बोटभर कलली होती. ती सरळ केली, आवळली, जाऊन बटण दाबले.

हात वर झाला. बाई मोटारीतून उतरून चालत आली तेव्हा मास्तरांनी वही तिच्यापुढे धरली.

"सही तू कर, पोरी. ऐकलंस तू."

तिने सही केली. मास्तरांनी पाना पुसून जागेवर टांगला.

महिन्याभरात क्वार्टर सुटले. आता मोठ्या रस्त्यालगत दोन खोल्यांत दोघे राहतात. परवा संध्याकाळी मास्तर खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होते आणि समोरच्या भिंतीवर लाल उजेड फिरायला लागला. मास्तरांचा हात सवयीने उचलला गेला, आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी बायकोकडे बघितले.

ती उसवलेली शिवण बघत होती. मान वर न करता तिने एक हात उचलला.

मास्तरांनी मान डोलवली आणि दोऱ्याचे टोक पुन्हा सुईशी नेले.