पहिल्या चुलीचं नाव

वळसंगच्या शिवारात, माळावर अकरा घरं होती. ना पंचायत, ना चावडी. सरकारी कागदावर साधं नावसुद्धा नव्हतं. लोक आपले 'गुरम्माची वस्ती' म्हणत, आणि ते ऐकलं की चंद्रव्वाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. का नाही होणार? या माळावर पहिली चूल तिनं मांडली होती. गुरम्मा दोन वर्षांनी आली, तीही हिच्याच चुलीतला विस्तव मागून घेऊन गेलेली.

घोटाळा झाला एका अमावस्येला. भर दुपारी रेवणप्पाचं बिऱ्हाड येऊन उतरलं आणि त्याची बायको नीलम्मा खापर घेऊन चंद्रव्वाकडं विस्तवाला आली. अमावस्येला घरातला विस्तव बाहेर गेला तर लक्ष्मी जाते, असं चंद्रव्वाच्या सासूनं बजावलेलं. चंद्रव्वानं सरळ दार लावून घेतलं. गुरम्मानं नेमबिम काही पाहिला नाही. खापर भरून दिलं, वर पोरांना भाकरी. झालं! नीलम्मानं ती गोष्ट साऱ्या सोयऱ्यांना सांगितली, आणि पुढं जे बिऱ्हाड आलं ते थेट गुरम्माच्या दारात उतरलं.

चौऱ्याहत्तर साली विजेचे खांब येणार म्हणून वस्तीचं नाव लिहून घ्यायला तलाठी आला.

"हितं पहिलं कोण आलं?" त्यानं विचारलं.

चंद्रव्वा तोंड उघडणार, तोवर गुरम्माच पुढं झाली. "चंद्रक्का आली की पयली. तिचंच नाव लिवा, भाऊसाहेब."

तलाठ्यानं 'चंद्रव्वाची वस्ती' असं लिहिलंही. वीस वर्षं जे हवं होतं ते मिळालं. पण बायका बघत होत्या गुरम्माकडं.

"गुरम्माचं मन लई मोठं हाय," नीलम्मा म्हणाली.

चंद्रव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नावसुद्धा हिनं द्यायचं, आणि आपण ते जन्मभर मिरवायचं?

"खोडा ते!" ती ओरडली. "मला न्हाय पायजे. गुरम्माचीच वस्ती लिवा."

"नक्की का, मावशी?"

"व्हय, नक्की."

त्यानं खोडून पुन्हा लिहिलं. गुरम्मानं डोळ्यांना पदर लावला आणि चंद्रव्वाचे दोन्ही हात धरले. "अक्का, तुज्यासारकं कोण न्हाय." बायकाही तेच बोलू लागल्या.

आपण निव्वळ मत्सरापोटी बोललो, हे चंद्रव्वा कुणाला सांगणार? हातात आलेलं नाव गेलं होतं, आणि आता सगळ्या वस्तीदेखत, मरेपर्यंत, गुरम्माशी गोड वागायची पाळी आली होती.