हिरवं वाक्य

"मॅडम, हे तुम्ही स्वतः पाहिलं का?" फळ्यावरच्या वाक्यावर बोट ठेवून आर्यनने विचारलं.

"नाही."

"मग कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही," मुग्धा म्हणाली. आर्यनने बोट ओढलं आणि वाक्य लाल झालं. तिसरं लाल वाक्य होतं ते.

आठवीच्या वर्गाला ही सवय तिनेच लावली होती. माहितीपर लेख डिजिटल फळ्यावर घ्यायचा, तोच मुलांच्या टॅबवर उघडायचा आणि एकेका वाक्याला रंग द्यायचा. लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं-ऐकलं असेल तर हिरवा. कोणी सांगितलं असेल तर निळा, आणि शेजारी सांगणाऱ्याचं नाव. कुठून आलं याचा पत्ताच नसेल तर लाल. कळमन्याच्या संत्रा लिलावावर, कामठीच्या विणकरांच्या मागांवर मुलांनी असेच लेख लिहिले होते. लाल वाक्य दिसलं की मुग्धा दयामाया दाखवत नसे. "पाहून ये, नाहीतर विचारून ये. दोन्ही होत नसेल तर खोडून टाक," हे तिचं पालुपद मुलं मधल्या सुट्टीत तिच्याच आवाजात म्हणून दाखवत.

पद्धत चांगली होती यात शंका नाही. म्हणूनच तर मुख्याध्यापिका सत्यवतीबाई आज मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. सगळ्या वर्गांना ती लावायचं त्यांच्या मनात होतं. मुग्धाने सकाळी साडीही जरा ठेवणीतली काढली होती.

घोटाळा झाला तो रीनामुळे, पण त्यात रीनाचा काही दोष नव्हता. वर्गाच्या फोल्डरमधून कोणताही लेख उघड म्हटल्यावर तिने 'मानपत्र' नावाची फाइल उघडली. घाईघाईत मुग्धाने ती तिथेच ठेवून दिली होती.

"मॅडम, हे घेऊ? आपल्या बाबाराव सरांचं आहे!"

मुग्धाचा हात 'नको' म्हणायला वर गेला होता. तेवढ्यात मागून सत्यवतीबाई म्हणाल्या, "घ्या की. उद्या वाचायचंच आहे."

उद्या भूगोलाच्या बाबाराव सरांचा निरोप समारंभ होता. शाल, श्रीफळ आणि फ्रेममध्ये बसवलेलं मानपत्र. महाल भागातला फ्रेमवाला मजकुरासाठी सारखा फोन करत होता. मुग्धाने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून जुनं एक मानपत्र काढलं. ते संगीत शिकवणाऱ्या सुमंत सरांचं होतं. 'सुमंत'च्या जागी 'बाबाराव' टाकलं, 'संगीत'च्या जागी 'भूगोल', आणि झालं. कॉम्प्युटरने सगळी नावं एका दमात बदलून दिली. मानपत्रं अशीच तर करतात, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. ऐकतं कोण? वाचणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे आणि ऐकणाऱ्यांचं समोशांकडे.

इथे मात्र तीस-चाळीस मुलं कान टवकारून ऐकत होती.

रीनाने पुढचं वाक्य मोठ्याने वाचलं. "'बाबाराव सरांच्या सुरेल आवाजाने शाळेची प्रार्थना उजळून निघाली.'"

वर्ग एकदम हसत सुटला. बाबाराव सरांचा आवाज शाळेत प्रसिद्ध होता, पण घोगरेपणासाठी.

"मॅडम, सर तर प्रार्थनेत मागे उभे राहतात," रीना म्हणाली. ती हसत नव्हती. "ओठही हलत नाहीत त्यांचे."

हे वाक्य मुग्धाला काल दिसलं होतं. दिसूनही तिने राहू दिलं होतं. आता ते भिंतभर मोठं होऊन समोर उभं होतं, आणि तिला मान वर करवत नव्हती. मागच्या बाकावर सत्यवतीबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"लाल करू, मॅडम?" आर्यनने विचारलं. एरवी आरडाओरडा करणारा हा मुलगा आज इतका हळू बोलला की तिला वर्गाच्या हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

"कर."

"नाहीतर विचारून या ना सरांना," रीना म्हणाली. "स्टाफरूममध्येच असतील ते."

नियम तिचाच होता. मुग्धाने टेबलावरचा आपला टॅब उचलला आणि ती वर्गाबाहेर पडली. जिना उतरून ती स्टाफरूममध्ये आली.

बाबाराव सर खिडकीजवळ भिंतीवरचे जुने नकाशे फडक्याने पुसत होते.

"या मॅडम. काहून, तास नाही का?"

"आहे. सर, तुमचं मानपत्र..." तिने टॅबच त्यांच्या हातात दिला.

सरांनी चष्मा चढवला आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. 'सुरेल'पाशी त्यांचं बोट थांबलं. ते हसतील, निदान रागावतील तरी, म्हणून मुग्धा वाट पाहत राहिली. दोन्ही झालं नाही.

"हे सुमंतचं आहे," ते म्हणाले.

"हो सर. मी नुसती नावं बदलली. चुकलं माझं. खूप चुकलं."

"मीच लिहिलं होतं हे."

मुग्धाने त्यांच्याकडे पाहिलं.

"सुमंत रिटायर झाला ना, तवा. मले गाण्यातलं काही समजत नाही, मॅडम. पण लिहायचं तं ऐकलं पाहिजे ना. शाळा सुटली की त्याच्या घरी जाऊन बसत होतो. तो गाऊन राहिला, मी ऐकून राहिलो. वहिनी चहा देऊन देऊन थकल्या." सर स्वतःशीच हसले. "एक-दोनदा माझ्या गावची, पारशिवनीची शेवटची बस सुटून गेली. तिथंच झोपलो मग."

त्यांनी बोट खाली नेलं. "अन् हे पाहा, 'दुखण्यातही वर्ग सोडला नाही.' घसा पार बसला होता त्याचा. नुसती पेटी वाजवून शिकवलं पोराइले. मी दारात उभा राहून पाहून राहिलो होतो."

ही वाक्यं पोकळ असती, कोणीतरी कुठूनतरी उचललेली असती, तर बरं झालं असतं असं मुग्धाला वाटलं. मग निदान सगळेच सारखे ठरले असते. पण ती सगळी खरी होती. एका माणसाने दुसऱ्याजवळ बसून मिळवलेली होती आणि तिने एक बटण दाबून त्यातून माणूस काढून टाकला होता. तिला लाज वाटली. मघाशी वर्गात वाटली होती ती सत्यवतीबाईंसमोरची होती, चारचौघांत फजिती झाल्याची. ही वेगळी होती, आणि हिच्यापासून तोंड कुठे लपवावं ते कळत नव्हतं.

"यात नाव कसं बदलवता?" सरांनी विचारलं. "मले दाखवा."

तिने दाखवलं. सरांनी एका बोटाने आपलं नाव खोडलं आणि एकेक अक्षर शोधत 'सुमंत' लिहिलं. मग 'भूगोल' खोडून 'संगीत'. सगळी नावं एका दमात बदलता येतात हे सांगायला तिची जीभ उचलली नाही. ते एकेका ठिकाणी थांबून बदलत होते.

"अन् तो रंग? पाहिलेल्याले हिरवा ना? पोरं सांगत राहतात."

"हो सर."

त्यांनी पहिलं लाल वाक्य हिरवं केलं. मग दुसरं. वरच्या मजल्यावरून आठवीचा गलका ऐकू आला. फळ्यावरची वाक्यं त्यांच्या डोळ्यांदेखत रंग बदलत असणार. तेवढ्यात मजकुराच्या कडेला अक्षरं उमटली. 'हिरवं कोणी केलं? कोणी पाहिलं? – रीना.'

"बराबर विचारते पोरगी," सर म्हणाले आणि त्यांनी खाली लिहिलं, 'मी. बाबाराव.'

वरचा गलका थांबला.

"झालं. सुमंतचं सुमंतले," टॅब परत देत ते म्हणाले.

"आणि तुमचं, सर?"

"माझं राहू द्या ना. शाल देता, नारळ देता, पुष्कळ झालं." ते पुन्हा नकाशांकडे वळले.

मुग्धा आपल्या खुर्चीत बसली. तिचं टेबल सरांच्या टेबलाला लागूनच होतं, कितीतरी वर्षं. तिने त्याच फाइलमध्ये नवं पान उघडलं आणि 'बाबाराव सर' एवढं लिहिलं. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय असे शब्द सवयीने रांगेत येऊन उभे राहिले. सगळे लाल. सर डब्यात काय आणतात तेसुद्धा तिला आठवेना. ते खिडकीकडे तोंड करून जेवत आणि तिने कधी वाकून पाहिलं नव्हतं. सरांचं म्हणून स्वतः पाहिलेलं काय आहे आपल्याजवळ? शोधून शोधून एकच गोष्ट सापडली, आणि तीही आत्ता, या खोलीत घडलेली. ती लिहायची तर स्वतःचं सगळंच लिहावं लागणार होतं. वर फळ्यावर हे पानही दिसत असेल. सत्यवतीबाई अजून बसलेल्या असतील. आणि उद्या मांडवात, पालकांसमोर, हेच मोठ्याने वाचावं लागेल.

तिने लिहिलं, 'मी सुमंत सरांच्या मानपत्रात नाव बदलून ते बाबाराव सरांना देणार होते. सरांनी ते वाचलं. मला एका शब्दाचाही बोल न लावता त्यांनी आपलं नाव खोडलं आणि सुमंत सरांचं नाव जागेवर ठेवलं.'

लिहिलेलं तिने हिरवं केलं.

बऱ्याच वेळाने कडेला रीनाची अक्षरं उमटली. 'मॅडम, पुढे?'

मुग्धाने टॅब उपडा ठेवला आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

"सर, पारशिवनीची तुमची बस किती वाजता असते?"

सरांनी नकाशाची गुंडाळी तशीच हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

"काहून?"