फुलदाणीमागचा बेबी मॉनिटर

मी बेबी मॉनिटर. बोलतोय खरा, पण बोलणं हे माझं काम नव्हे. माझं काम काळजी करणं. माझे डबे दोन. एक बाळाच्या पाळण्याशी बसून ऐकतो, दुसरा आईच्या हातात राहून तिला ऐकवतो. बाळ शिंकलं की आई स्वयंपाकघरात दचकलीच पाहिजे.

कारखान्यात एका बाईंनी माझ्यासमोर "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि मला पास केलं. खरी परीक्षा या घरात झाली. बाळाच्या आईने माझं माहितीपत्रक चार वेळा वाचलं. मग मला पाळण्याशी ठेवून स्वतःच माझ्यापुढे श्वास घेतला आणि पलीकडच्या खोलीतल्या नवऱ्याला विचारलं, "ऐकू आला?"

"आला."

"नक्की माझाच ना?"

अशा घरात नोकरी मिळायला भाग्य लागतं.

शनिवारी दुपारी मात्र माझं काम उलटं व्हायचं. त्या वेळी हॉलमध्ये तिघं जमत: आईची नणंद, जी लोकांना गाडी चालवायला शिकवते, एक दातांचे डॉक्टर, आणि गल्लीतला चष्मेवाला. 'कक्षा सत्तावीस' नावाची अंतराळातली मालिका, तिचा ताजा भाग आणि त्यावर हातघाईचा वाद. बाळ व्हायच्या आधी या टोळीत सर्वांत मोठा आवाज आईचा असे. आता लेक झोपायची ती फक्त तिच्या मांडीवर. जरा हलवली की भोकाड. म्हणून आई आतल्या खोलीत, दार लावून.

शेवटी तिने ऐकणारा डबा गुपचूप हॉलमधल्या फुलदाणीमागे ठेवला आणि ऐकवणारा स्वतःच्या कानाशी. कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली असावी. मलाही वाटली, पण मला विचारतो कोण?

सात शनिवार मी चोरून ऐकवत राहिलो. आई कुजबुजत प्रत्येकाला उत्तर द्यायची, आणि समोर कुणीच नसल्यामुळे प्रत्येक वाद जिंकायची. जिंकून झालं की मला विचारायची, "का मीच चुकतेय?"

मग बातमी आली: मालिका बंद. शेवटच्या भागात कप्तानबाई एका बंद दाराशी उभ्या, हात कडीवर, आणि संपलं! पुढे काहीच नाही.

"दारामागे ती स्वतःच आहे, वीस वर्षांनी म्हातारी झालेली," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला सगळीकडे म्हातारेच दिसतात. थेट दवाखान्यातून येता ना!" नणंद म्हणाली.

"दारामागे काही नाही," चष्मेवाला म्हणाला. "लिहिणाऱ्यांनाच सुचलं नाही, म्हणून तर गुंडाळली."

चमचे बशीत ठेवल्याचे आवाज आले.

"मालिकाच नाही, तर जमायचं कशाला?" डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "हा शेवटचा शनिवार समजू या."

"वहिनी तर आधीच सुटली," नणंद म्हणाली. "तिला आता कुठलं यान नि कुठलं काय! दुपट्यांतून डोकं वर काढेल तेव्हा."

आतल्या खोलीत आईने डबा तोंडाशी धरला. माझ्यावर एक बटण आहे, रडणाऱ्या बाळाला लांबून धीर द्यायला. तिने ते दाबलं.

"कडी डावीकडे होती," फुलदाणी म्हणाली.

परग्रहावरून संदेश आला तर माणसाने कसं शांत राहावं, हे तीन वर्षं समजावणारे डॉक्टर टेबलाखाली गेले. चष्मेवाल्याचं बिस्किट चहात बुडालं. किंकाळ्या ऐकून आईच घाबरली, तिने भलतंच बटण दाबलं, आणि मी अंगाईची धून वाजवू लागलो.

ती थांबल्यावर नणंदेने फुलदाणीत डोकावून विचारलं, "वहिनी?"

"हळू बोल, झोपलीय."

"कधीपासून ऐकतेयस तू?"

"सात शनिवार. ते राहू दे. दुसऱ्या पर्वात ते दार बाहेरून दाखवलं, तेव्हा कडी डावीकडे होती. आता उजवीकडे दिसते. म्हणजे कप्तानबाई बाहेर नाहीतच. त्या आत आहेत. त्यांना बाहेर यायचंय." मग लगेच, "असं आपलं मला वाटतं. का नाही?"

मग टेबलाखालून आवाज आला, "हे तपासायला हवं."

"सगळी दारं तपासावी लागतील," चष्मेवाला म्हणाला. "पहिल्या भागापासून."

"भाग चव्वेचाळीस आहेत, वर्ष जाईल!" नणंद म्हणाली.

"जाऊ दे की," आई म्हणाली.

आता मी उजळ माथ्याने टेबलाच्या मधोमध बसतो. माझं झाकण चिकटपट्टीवर तगलंय, आणि अंगावर लेकीच्या दोन दातांच्या खुणा आहेत. डॉक्टरांनी त्या तपासून "चावा उत्तम" असा दाखला दिलाय. लेक उठू नये म्हणून भांडणं कुजबुजत चालतात. अकराव्या भागापर्यंत आलोय आणि एका कडीवरून दोन शनिवार अडकलोय.

मंडळी, माझी एकच विनंती आहे. वाद कितीही पेटू द्या, पण तोंड माझ्याकडे करून बोला. आत एकजण आहे, आणि तिला तुमचं म्हणणं साफ नामंजूर आहे.