बद्रीचा टाक

तात्यासाहेबांनी काकाचा फ्लेक्स चौकात लावला आणि तो पाहून मनकर्णाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. फ्लेक्सवर सगळ्यात मोठे खुद्द तात्यासाहेबच होते, हात जोडलेले, कपाळभर गंध ल्यालेले. त्यांच्या खाली गॉगल लावलेले चार कार्यकर्ते. उरलेल्या कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढा मनकर्णाबाईंचा भाऊ बद्रीनाथ. तोही निम्माच खरा. तोंड त्याचं होतं, पण छातीवरची पदकं कुण्या भलत्याच माणसाच्या गणवेशावरून उचलून चिकटवलेली. मागं जे विमान उडत होतं ते बद्री गेला तेव्हा जगात जन्मालाही आलं नव्हतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शत्रूची तीन विमानं पाडणारा आमच्या घराण्याचा वीर.'

"तीन कुठून आणलीस रे?" त्यांनी तात्यासाहेबांना, म्हणजे आपल्या भाच्याला, विचारलं.

"आत्या, एक लिहिलं तर बरं दिसत नाय. पाच लिहिलं तर लोक शंका घेतेत. तीन बरोबर बसतंय."

काका लढाईत गेला तेव्हा हे तात्यासाहेब शेंबूड पुसायला शिकत होते. पुढं पन्नास वर्षं त्यांना काकाची आठवण झाली नाही. आता एकाहत्तरच्या लढाईला पन्नास वर्षं झाली, त्यातच महापालिकेची निवडणूक आज लागते की उद्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तात्यासाहेब दीड वर्षापासून गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. मग गारखेड्यातल्या चौकाला काकाचं नाव द्यायचं त्यांच्या मनात आलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्यात त्यांचा हात धरणारा आख्ख्या शहरात सापडला नसता.

पीठ दळलं होतं मनकर्णाबाईंनी. त्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, औरंगपुऱ्यात राहणाऱ्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई. बद्री त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा. वायुदलात लढाऊ विमान चालवायचा, लग्न व्हायचं होतं. सरहद्दीपलीकडं गेला तो परत आला नाही. सरकारनं कळवलं, बेपत्ता. पुढं जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तेव्हा तेच कळवलं, बेपत्ता. बाईंनी दिल्लीला खेटे घातले, निवृत्त अधिकाऱ्यांच्या दारांत उभ्या राहिल्या, कुणाचे पत्ते मिळवले, कुणाच्या शिव्या खाल्ल्या. सासरचे लोक हसायचे. हसू देत, म्हणायच्या.

त्यांना चौक नको होता, पुतळा नको होता. त्यांना बद्रीचा टाक माहेरच्या देवघरात बसलेला बघायचा होता. घराण्यात जो लढाईत पडला त्याचा चांदीचा छोटा टाक करायचा, वीर म्हणून देवांच्या रांगेत बसवायचा, सणाला न्हाऊ घालायचा आणि सगळ्यांच्या आधी त्याला नैवेद्य दाखवायचा, ही त्यांच्याकडची रीत. टाक नसेल तर तो माणूस त्या घरात कुठंच नाही, देवांत नाही आणि माणसांतही नाही. मनकर्णाबाईंनी तो स्वतःच्या घरी बसवला असता, पण परक्या घरी दिलेल्या लेकीला माहेरचा वीर सासरच्या देवघरात बसवता येत नाही. माहेरच्या देवघरात बसवायचा तर तिथल्या थोरल्या बाईचा होकार लागतो. आणि थोरली बाई म्हणजे चतुराबाई, तात्यासाहेबांची आई, मनकर्णाबाईंची वहिनी.

चतुराबाई पन्नास वर्षं एकच सांगत आल्या होत्या. "आत्ता नाय."

का नाही, ते सांगायचं नाही. बद्रीच्या फोटोला हार घालू द्यायचा नाही. त्याचं श्राद्ध घालू द्यायचं नाही. निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी चौदा वर्षांची चतुरा या घरात सून म्हणून आली, तेव्हा सासू आधीच बाळंतपणात गेलेली होती. पाच वर्षांचा बद्री आणि दोन वर्षांची मनकर्णा तिच्या पदरात पडली. तिनं वाढवलं, खाऊ घातलं, हे कुणी नाकारत नव्हतं. ओझ्याचा बैलही ओझं वाहतोच, मनकर्णाबाई म्हणायच्या, म्हणून त्याला माया असते असं नाही. बद्रीबद्दलची तार आली त्या दिवशी वहिनी ज्वारी निवडत होती. थोरल्या भावानं, पुंजारामदादांनी, तार वाचून हंबरडा फोडला. वहिनीनं ऐकून घेतलं, सूप हलवलं, खडा बाजूला काढला. डोळ्याला पाणी नाही. दगडाला पाझर फुटेल, पण या बाईला नाही, हे मनकर्णाबाईंनी त्या दिवशी ठरवलं आणि पन्नास वर्षं वहिनीचा तिरस्कार केला. तोही इतिहासाच्या बाईला शोभेल असा, सनावळीनिशी.

यंदा मात्र त्यांना हवा तो माणूस सापडला. निवृत्त विंग कमांडर वैजनाथराव, मूळचे अंबाजोगाईचे, आता पुण्यात स्थायिक. शेवटच्या उड्डाणात बद्रीच्या मागच्या विमानात तेच होते. मनकर्णाबाई तात्यासाहेबांच्या गाडीतून गेल्या. तात्यासाहेबांनी शूटिंग करायला एक माणूस बरोबर घेतला आणि वाटेत दोन ठिकाणी थांबून त्याच्याकडून स्वतःचंच शूटिंग करवून घेतलं.

वैजनाथरावांनी चहा दिला, बशीत मोजून बिस्किटं दिली आणि सरळ सांगितलं.

"मी त्याच्या मागेच होतो. खालून तोफांचा मारा झाला. त्याच्या विमानानं पेट घेतला आणि ते नाकावरच जमिनीत गेलं. हवाई छत्री उघडली नाही. मी एक घिरटी घातली. वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं, बाई. मी परत आल्यावर हेच सांगितलं. पण शत्रूच्या हद्दीत, मृतदेह मिळाला नाही, म्हणून कागदावर तो बेपत्ताच राहिला."

"सर, त्याच्या आधी किती पाडली?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"काय पाडलं?"

"विमानं."

"एकही नाही. आम्ही पूल उडवायला गेलो होतो."

"मग पूल उडाला?"

"नाही."

तात्यासाहेबांनी शूटिंगवाल्याला हातानं बंद करायची खूण केली. परतताना अहमदनगर आल्यावर ते म्हणाले, "पूल उडाला असता तरी कायतरी जमलं असतं. जाऊ द्या, तीनच ठेवू."

मनकर्णाबाईंनी खिडकीकडं तोंड केलं. माणसानं स्वतःच्या मेलेल्या काकाकडं हिशोब मागावा आणि तो कमी भरला म्हणून नाराज व्हावं, याहून नीच काय असेल? पण त्यांना आतून आनंदही झाला होता. आनंदच म्हणायला हवं, दुसरा शब्द नाही. बद्री मेला हे सांगणारा साक्षीदार मिळाला होता. आता वहिनीला 'आत्ता नाय' म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्या सराफ्यात गेल्या. सोनारानं टाकाचे साचे समोर मांडले. वीर म्हणजे घोड्यावर बसलेला, हातात तलवार. बाई म्हणाल्या, हा माणूस विमान चालवायचा. सोनार म्हणाला, विमानाचा साचा माझ्या बापाकडं पण नव्हता, अन् देवघरात विमान बसवलं तर देव घाबरतेत. त्याच्या बुद्धीची कीव करत बाईंनी घोडेस्वार घेतला. त्यांना आता घोड्यासाठी भांडत बसायचं नव्हतं.

चौकाला नाव द्यायच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी त्या गारखेड्यातल्या बंगल्यावर पोचल्या. तात्यासाहेब मांडवाच्या गडबडीत बाहेर गेलेले. शहाऐंशी वर्षांच्या चतुराबाई देवघरासमोर पाटावर बसून वाती वळत होत्या. मनकर्णाबाईंनी गाडीत सगळं पाठ केलेलं होतं. कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर, वहिनी गप्प बसली तर काय म्हणायचं, सगळं.

"वैनी, बद्री मेला," त्या म्हणाल्या. "बघणारा माणूस भेटला. मी सोता पुण्याला जाऊन ऐकून आले. आता टाकाला नाय म्हणू नको. पन्नास वर्षं तू त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलंस. तुला मायेचा लवलेश असता तर तूच पुढं होऊन बसवला असतास."

चतुराबाईंच्या बोटांतली वात थांबली.

"पेटलं व्हतं का इमान?"

"व्हय. तोफ लागली."

"मंग ती छत्री असती ना त्यांला. त्यानंच सांगितलं व्हतं मला."

"उघडली नाय."

चतुराबाईंनी मान हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून पुढं वाकल्या आणि देवघराच्या कोपऱ्यातून एक सुपारी उचलली. रोज पाणी, रोज हळद-कुंकू लागून काळी, गुळगुळीत झालेली. देवघरात सुपारी असतेच. बघणारा तिला गणपती समजून हात जोडतो. मनकर्णाबाईंनीही या सुपारीला किती वेळा हात जोडले असतील त्याचा पत्ता नाही.

"ही त्याची," चतुराबाई म्हणाल्या. "नवरा परगावी असला तर पूजेला बाई शेजारी सुपारी मांडती का नाय? माणूस येईस्तोवर तिला त्याचा मान. तार आली त्याच दिशी मांडली. तारंत मेला म्हनून नव्हतंच लिव्हलेलं. टाक मेल्याचा करतेत, मने. मी टाक बसवला असता अन् उद्या पोरगं दारात येऊन हुबं राहिलं असतं, तर त्याला काय सांगितलं असतं? की बाबा, आमी तुला देवात घालून मोकळे झालो?"

मनकर्णाबाईंना आपलं पाठ केलेलं पुढचं वाक्य आठवलं आणि त्यांना स्वतःची किळस आली. पन्नास वर्षं आपण शोध घेतला तो भाऊ मेल्याचा, आणि या बाईनं रोज सकाळी आंघोळ घातली ती जित्या माणसाला. ज्या माहितीसाठी आपण एवढं आयुष्य घालवलं ती आपण म्हातारीच्या अंगावर फेकून मारली होती. तात्यासाहेब निदान तीन विमानांचं खोटं बोलत होते, त्यानं कुणाचं पोर मरत नव्हतं.

"वैनी," त्या घाईनं म्हणाल्या, "ते साहेब लई म्हातारे झालेत. धड ऐकू पण येत नाय त्यांना. दुसऱ्याच कुणाचं सांगत असतील. इतक्या वर्षांनी कुणाला काय आठवतंय? ठेव ती परत. ठेव वैनी."

चतुराबाईंनी मनकर्णाबाईंकडं बघितलं. शाळेतून खोटं सांगून लवकर घरी आलेल्या पोरीकडं बघावं तसं, न रागावता.

"तुला खोटं बोलता येत नाय. मीच वाढवलंय तुला."

सुपारी त्यांनी परत ठेवली नाही. पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. मनकर्णाबाईंनी पर्समधून टाकाची पुडी काढून पुढं केली, तर त्यांनी हात मागं घेतला.

"आता शिवू नको देवाला. मी पण शिवत नाय." त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "कामाच्या पोरीला सांग, आंघोळीचं पाणी काढ म्हनावं. तात्याला फोन लाव, आसंल तिथून घरी ये म्हनावं. आपल्या घरात माणूस गेलंय."