इंदुमतीची रास, दशरथची रास

जूनमधल्या आंधीनं जयपूरच्या जवाहर नगरातल्या शिसवाच्या झाडाची एक जाडजूड फांदी मोडली आणि ती नेमकी दशरथ वानखेडेंच्या अंगणात येऊन पडली. माणूस, मांजर, कुंडी, कशालाच धक्का लागला नाही. घरमालक म्हणाले, "आपके आँगन में गिरी है, आप ही रख लीजिए।"

दशरथ रेल्वेतून गार्ड म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते आणि दुपारी काय करायचं या विवंचनेत होते. त्यांनी त्याच संध्याकाळी करवत आणि कुऱ्हाड विकत आणली.

"थंडीत अंगणात निखाऱ्यांवर रोडगे भाजू," ते बायकोला म्हणाले. "जयपूरवाल्यांनाही कळू दे, वर्ध्याकडे काय खातात ते."

इंदुमतीचं बालपण पुलगावजवळच्या खेड्यात गेलेलं. सरपण फोडणं तिला नवं नव्हतं. ती पायरीवर बसून पाहत राहिली. दशरथनी पहिलाच घाव गाठीवर घातला आणि कुऱ्हाड तिथंच रुतून बसली. त्यांनी ती ओढली, हलवली, ओंडक्यावर पाय देऊन उपसली. शेवटी कुऱ्हाडीसकट ओंडका उचलून आपटला.

"काय करून राह्यले बाप्पा?" इंदुमती म्हणाली. "गाठ सोडून मारा ना! अन् ओलं हाये तोवरच फोडा, वाळलं की मग दाद देत नाही."

फोडून झालं आणि खरं भांडण सुरू झालं ते रचण्यावरून. दशरथना ढलप्या भिंतीला टेकवून, फट न ठेवता, घट्ट बसवायच्या होत्या. वरून ताडपत्री, तिला चहूबाजूंनी दोरी.

"मालगाडीचा डबा हाये का हा?" इंदुमतीनं विचारलं. "त्याले वारा लागू द्या."

"वाऱ्याबरोबर पाऊसही येईल. झाकलेलं लाकूड भिजत नाही, साधा हिशोब आहे."

"अहो, ओलावा त्याच्या आतच हाये. तो कुठून जाईन?"

दोघंही ऐकेनात. तेव्हा त्यांची मुलगी गौतमी, जी सीतापुऱ्यातल्या एका कंपनीत नोकरी करते आणि घरी फक्त मीटिंग संपल्यावर बोलते, खिडकीतून ओरडली, "अरे, आधं-आधं वाटून घ्या ना! मतलब, ज्याचं आधी पेटेल तो जिंकला. हरणारा रोडग्यांची कणीक मळेल."

तसंच झालं. एका कोपऱ्यात दशरथची रास, ताडपत्रीत आवळलेली. दुसऱ्या कोपऱ्यात इंदुमतीची. तिनं खाली विटा मांडून रास जमिनीपासून चांगली उंच घेतली, ढलप्या एकदा आडव्या, एकदा उभ्या, मधे फटी ठेवून रचल्या आणि वर फक्त एक पत्रा टाकला. समोरचे शेखावतजी रोज दूध आणायला जाताना दोन्ही राशींकडे पाहत आणि मिशीतल्या मिशीत हसत.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. इंदुमतीच्या ढलप्यांना टोकांशी चिरा पडल्या. दोन एकमेकींवर आपटल्या की टणटण वाजत. दशरथ आपली ताडपत्री उघडायला तयार नव्हते. "सरप्राइज आहे," म्हणत.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी शेखावत पतीपत्नींना जेवायला बोलावलं. दशरथनी थाटात दोरी सोडली, ताडपत्री ओढली आणि दोन पावलं मागे सरकले. आतून जुन्या तळघराचा वास आला. ढलप्यांवर पांढरी बुरशी चढली होती, आणि एका लाकडावर छानपैकी अळंबीच्या छत्र्या उगवल्या होत्या.

"पेटेल, पेटेल," ते म्हणाले आणि कागद, कापूर, फुंकणी असं सगळं घेऊन बसले. पेटलं काहीच नाही. धूर मात्र असा निघाला की शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी सुकत घातलेल्या रजया पटापट उचलल्या. शेखावतजी डोळे पुसत म्हणाले, "भाईसाहब, मच्छर तो सब भाग गए।"

इंदुमती पदर खोचून उठली. तिच्या चालण्यातच विजय होता. आपल्या राशीवरचा पत्रा तिनं उचलला आणि पहिल्या ढलपीला हात घातला.

खालून गुरगुर आली.

इंदुमती एका उडीत पायरीवर. गौतमीनं वाकून पाहिलं. विटांच्या मधल्या त्या हवेशीर, कोरड्या, ऊबदार जागेत गल्लीतली भुरी कुत्री पसरली होती आणि तिच्या पोटाशी पिल्लं लुचत होती.

"मम्मी, तुझ्या घरात भाडेकरू आलेत!"

इंदुमतीला साऱ्या जगात एकाच गोष्टीची भीती वाटे, आणि ती गोष्ट तिच्याच सरपणाखाली दात दाखवत होती. दशरथना मात्र कुत्र्यांचं काही नव्हतं. स्टेशनास्टेशनावरची कुत्री त्यांच्या डब्यातल्या पोळीवर वाढली होती. पण ते हाताची घडी घालून उभे राहिले.

"घे ना तुझं वाळलेलं लाकूड."

"पाहा ना हो काहीतरी," इंदुमती हळूच म्हणाली.

"आधी सांग, कणीक कोण मळेल?"

"दोघं मिळून मळू. आता हाकला तिले!"

"हाकलायचं नाही. बाळंतीण आहे ती."

त्यांनी घरातून दूधपोळी आणली, थाळी फाटकाजवळ ठेवली आणि कुत्रीशी अगदी अदबीनं बोलू लागले, "या बाई, या. जेवून घ्या. पिल्लांकडे आम्ही बघतो." तिनं बराच विचार केला, मग बाहेर आली. तिचं तोंड थाळीत गेल्याबरोबर इंदुमतीनं वरच्यावर ढलप्या उचलायला सुरुवात केली, जरासाही आवाज न करता. दोन्ही हातांची कवळ भरली तरी तिचा हात थांबेना.

"बस झालं, इंदू!"

"एकच!"

त्या एकीनंच घात केला. ती निसटून पत्र्यावर खणकन पडली, कुत्रीनं मान वर केली आणि इंदुमती लाकडांसकट अंगणातल्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढली. कशी चढली हे तिला आजही सांगता येत नाही. कुत्रीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ पिल्लांकडे गेली.

लाकूड एका काडीत पेटलं. निखारे पडेपर्यंत नवरा-बायकोनं एकाच परातीत कणीक मळली. "पाणी जास्त झालं," "नाही झालं," हे चालूच होतं. तूप ओतलेला पहिला रोडगा शेखावतजींनी वांग्याच्या भाजीबरोबर खाल्ला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "बाटी बहुत बढ़िया बनी है।"

"बाटी नाही, रोडगा!" दोघं एका सुरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दशरथ आपली बुरसटलेली रास उन्हात मोडून बसले होते. एकेक ढलपी ब्रशनं घासून मोकळी मांडत होते. इंदुमती चहा घेऊन आली. दुसऱ्या हातात दुधात कुस्करलेल्या रोडग्याची वाटी होती. ती कुत्रीपासून दूरच थांबली आणि वाटी त्यांच्यापुढे धरली.

"हे तिले द्या," ती म्हणाली. "अन् सांगा, इंदूनं देल्लं म्हणून."