पाऊण

स्ट्रिपमध्ये बावीस गोळ्या उरल्या होत्या. कमलताईंनी दोनदा मोजल्या. कापलेल्या गोळ्यांची डबी रिकामी होती. तीस गोळ्यांची स्ट्रिप सुरू करून बत्तीस दिवस झाले होते. रोज पाव गोळी, म्हणजे आठ संपल्या, इथपर्यंत बरोबर. पण चाळीस दिवसांत सगळी स्ट्रिप संपायला हवी होती.

"पियूष, तो पुण्याचा मेसेज परत लाव रे."

"आत्ता? ड्यूटीची बस येईल, आई."

"लाव."

त्यानं एका पायात बूट घालता घालता फोनवर मेसेज लावला. डॉक्टरांच्या मदतनीस बाईंचा आवाज आला : "काकू, सरांनी डोस कमी केलाय. एकाऐवजी रोज पाऊण गोळी. स्ट्रिप चाळीस दिवस पुरेल. पंधरा दिवसांनी रक्त तपासा, महिन्यानं दाखवायला या."

"ऐकलं? पाव," पियूष म्हणाला.

"पाऊण म्हणाली ती."

"तेच ना, पाव."

"पाव वेगळं, पाऊण वेगळं. पाऊण म्हणजे हिंदीतलं पौन. चारातले तीन तुकडे."

दुसरा बूट पियूषच्या हातातच राहिला. मेसेज तेव्हा त्यानंच ऐकून आईला सांगितला होता, आणि दर चार दिवसांनी ब्लेडनं गोळीचे चार तुकडेही तोच करायचा.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून ही गोळी. तपासणीत आकडा अडीच ते साडेतीन यायला हवा. खाली गेला की गुठळीची भीती. तेव्हा पुण्यात भाऊ होता. तो गेल्यावर मध्य प्रदेशातून तिथं जाऊन उतरायला जागाही राहिली नाही. मागच्या दोन खेपांच्या खर्चात पियूषची मोटरसायकल विकली गेली, म्हणून तो आता फॅक्टरीच्या बसनं जायचा. या खेपेची तारीख पुढे ढकलली होती. रक्तही तिकडेच एकदम तपासू, असं कमलताईच म्हणाल्या होत्या.

"पंखा बंद कर," त्या म्हणाल्या.

शांततेत झडपेची टिकटिक ऐकू यायची. ती दबकी झाली तर धावत या, असं सरांनी बजावलं होतं. पियूषनं त्यांच्या पाठीला कान लावला.

"येतोय आवाज?"

"येतोय."

"कसा? घड्याळासारखा, की कापडात गुंडाळलेल्या घड्याळासारखा?"

"मला काय समजतं, आई! माझंच दिल इतकं धडधडतंय."

बस निघून गेली. दोघं रिक्षानं देवासच्या बाजारातल्या लॅबवर पोचले.

"काकी, आज लाडले ने छुट्टी मार दी?" सुई काढत लॅबवाला अमन म्हणाला. "हाथ तो बरफ हो रहा है. सुई से डर गईं?"

"सुईला काय घाबरायचं, भिया. रिपोर्ट कधी?"

"घंटा भर."

बाकावर पियूष खाली बघत बसला. "मला मराठी शाळेत का नाही घातलं?"

"तिरल्याच्या खेड्यात होती का मराठी शाळा?"

"मग घरी तरी शिकवायचं. पाऊण, दीड, अडीच..."

"चुकलंच ते." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसरा हात छातीवर होता. रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला होता, त्याच्या आवाजात टिकटिक सापडत नव्हती.

तीस वर्षं त्यांनी तिरल्याच्या अंगणवाडीत मुलं तोलली होती. मूल कमी भरलं की आया गयावया करायच्या, "बेनजी, पाव किलो ज्यादा लिखी दो नी." त्यांनी कधी लिहिलं नाही. काट्यावर आलं तेच वहीत.

तासाभरानं अमननं कागद दिला. कमलताईंनी पुण्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बत्तीस दिवस पाव गोळी?" मदतनीस बाईंचा आवाज चढला. "काकू, गोळ्या कापत कोण होतं?"

"मीच."

पियूषनं मान वर केली.

"असं कसं केलंत! दम लागतोय का?"

"जिना चढताना. चार दिवस झाले."

"थांबा, सरांना देते. त्याआधी आकडा सांगा. नीट बघून सांगा."

कमलताईंनी कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"एक पूर्णांक एक."