दहावा फोटो

चूक माझीच होती. वर्गासमोर उभी राहून मी म्हणाले, "सोमवारी प्रत्येकाने घरचे दहा फोटो आणायचे. त्यावर तुमचा आवाज चढवायचा. तीन मिनिटांची गोष्ट झाली पाहिजे." डेट्रॉइटच्या शाळांत एकोणीस वर्षं नाटक शिकवतेय, पण अक्कल काही आली नाही. डिसेंबरात नायला गेन्सचं घर जळालं हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. मलाही होतं. तरी बोलून बसले.

नायलाने दप्तर उचललं आणि निघून गेली. तेरा वर्षांची पोर, दारसुद्धा आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

नंतरचे दोन दिवस मी फळ्यावर काहीबाही लिहीत होते आणि पुसत होते. घरी कॉफी गार व्हायची, वह्या तपासायला घेतल्या की उठून खिडकीशी जायचे. नायला चार वर्षांची असताना तिची आई शनीस वारली. आईचे जेवढे फोटो होते, ते सगळे त्या आगीत गेले. तिसऱ्या दिवशी मी पोरीला जेवणाच्या हॉलमध्ये गाठलं.

"फोटो नाहीत तर आपण उभे करू," मी म्हटलं. "कोण कुठे होतं ते तू सांग. मुलं तसंच सोंग घेतील, मी स्टॅच्यू म्हणेन आणि फोटो काढेन. ओव्हर म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही."

"म्हणजे खोटे फोटो."

"नाटक म्हण."

तिने ताटातले बटाटे इकडून तिकडे केले. "आपल्या वर्गातली ब्रिएल माझी आई होणार असेल तर बघू. बाकीच्या नुसत्या नखरे करतात."

आठवडाभरात नऊ फोटो झाले. दोन बाकं जोडून स्वयंपाकघर झालं. वर्गातला डेशॉन फ्रीज झाला आणि कोणी जवळ आलं की "दार लाव, थंडी वाजते" म्हणायला लागला.

"फ्रीज बोलत नाही, डेशॉन," मी खेकसले.

"आमचा रात्रभर बोलतो, मिस."

आवाज घुमू नये म्हणून नायलाने कोटांच्या कपाटात बसून गोष्ट रेकॉर्ड केली. मी बाहेर उभी राहून नखं खात होते.

अडलं ते दहाव्या फोटोपाशी. घरासमोरच्या पायऱ्या. वरच्या पायरीवर आई, खालच्या पायरीवर तिच्या गुडघ्यांमध्ये नायला, आणि आई वेण्या घालतेय. सतरा वेळा काढला. प्रत्येक वेळी नायला म्हणायची, "असं नाही."

"मग कसं, ते सांग ना," ब्रिएल वैतागली. "माझे हात दुखायला लागले."

"मला काय माहीत? माझी तिच्याकडे पाठ होती." तिचा आवाज चिरकला. "मला तिचे गुडघे आठवतात फक्त."

चार वर्षांच्या लेकराला मागचं काय दिसणार?

नेमकं तेव्हाच वर्गाचं दार उघडलं. टेरेन्स गेन्स, नायलाचे वडील, शहराची बस चालवतात. अंगात तोच गणवेश, हातात मी घरी पाठवलेली परवानगीची चिठ्ठी. तिच्यावर सही नसली तर पडद्यावर काही दाखवता येत नाही. चिठ्ठी कोरी होती.

"माझ्या बायकोचं सोंग कोण घेतंय?" त्यांनी विचारलं.

आता ते पोरीला घेऊन जाणार, आणि ती माझ्या वर्गात परत पाऊल ठेवणार नाही. ब्रिएल घाबरून उठायला लागली.

"बस तिथंच," ते म्हणाले. जवळ येऊन तिचे हात बघितले. मग म्हणाले, "शनीस डावखुरी होती."

ब्रिएलने कंगवा डाव्या हातात घेतला.

"हातात नाही. कंगवा दातांत धरायची. दातांत कंगवा धरूनसुद्धा बडबड चालूच असायची. एक अक्षर कळायचं नाही."

नायला मान खाली घालून ऐकत होती. "तू कुठे असायचास, डॅडी?"

"दारात. तुम्ही दोघी वाट अडवून बसायच्यात. मला कामाला जायला उशीर व्हायचा."

"मग जा ना तिथे."

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. "हे धरा. सही नंतर करतो." आणि पायऱ्यांच्या मागे, दाराची चौकट झालेल्या डेशॉनला टेकून उभे राहिले. बघता बघता त्यांचे खांदे सैल पडले. ब्रिएलच्या डोक्याकडे ते असे बघायला लागले की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

"स्टॅच्यू," मी म्हटलं.

नायलाने पाठमोरंच बसायचं ठरलं होतं. पण ती मागे वळली. तिने ब्रिएलकडे बघितलंच नाही. ती वडिलांचा चेहरा बघत होती. त्या पायरीवर बसलेल्या आपल्या आईकडे ते कसे बघायचे, हे तिला आज पहिल्यांदा दिसत होतं.

मी बटण दाबलं.

"मिस, ओव्हर म्हणा ना," डेशॉन पुटपुटला. "माझी पाठ मोडली."

मी म्हटलं नाही.